कुटुंब-उत्पन्नाचा मध्यक आणि त्याची अनिश्चितता: अमेरिकी मालिकेवरच्या प्रकल्प नोंदी

१५ सप्टेंबर २०२५: कामाची हद्द

अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोने ९ सप्टेंबरला २०२४ सालचं कुटुंब-उत्पन्न जाहीर केलं. मध्यक (निम्मी कुटुंबं ज्याच्या खाली आणि निम्मी वर, ती रक्कम) ८३,७३० डॉलर. २०२३ चा आकडा २०२४ च्या किमतींत मांडला की ८२,६९० होतो. म्हणजे वाढ १,०४० डॉलरची, जेमतेम १.३ टक्के. शेजारी एक शेरा आहे: हा फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नाही, म्हणजे तो केवळ नमुन्याच्या योगायोगानेही आलेला असू शकतो. बातम्यांत आकडा पोचतो, शेरा वाटेत गळून जातो. या प्रकल्पाचा विषय तो शेराच आहे. तो कसा ठरतो, स्वतः मोजायचा तर काय लागतं, आणि वर्षानुवर्षांची मालिका लावताना त्यात कशाकशाची भर पडते, हे या नोंदींत आहे.

मूळ फाईल हातात घेण्याआधीच जाहीर आकड्यांवरून एक गोष्ट काढता येते. ब्युरो ९० टक्के विश्वासपातळी वापरतो, म्हणजे फरक त्याच्या स्टँडर्ड एररच्या (नमुना बदलला तर आकडा साधारण जितका हलेल त्याच्या) १.६४५ पट झाला तरच तो लक्षणीय. १,०४० ला १.६४५ ने भागलं की ६३२ येतात. फरक लक्षणीय नाही, अर्थात फरकाचा स्टँडर्ड एरर ६३२ डॉलरहून जास्त आहे. याउलट २०२१ ते २०२२ ची घट (७६,३३० वरून ७४,५८०, दोन्ही २०२२ च्या डॉलरमध्ये) लक्षणीय ठरली होती. तिथे फरक १,७५० चा, म्हणून स्टँडर्ड एरर १,०६४ हून कमी असला पाहिजे. आपलं गणित याच पट्ट्यात यायला हवं. दोनशे किंवा दोन हजार आलं तर कुठेतरी पाणी मुरतंय.

अमेरिकी मालिका निवडण्याचं कारण साधं आहे. १९६७ पासूनची सलग मालिका, कुटुंबागणिक कच्चा डेटा आणि अनिश्चितता मोजायची रेप्लिकेट वजनं (नमुन्यातलं एक कुटुंब देशातल्या किती कुटुंबांच्या जागी धरायचं ते वजन, आणि त्याचे मुद्दाम थोडे बदललेले अनेक संच), तिन्ही गोष्टी कुणालाही फुकट मिळतात. भारतात राष्ट्रीय कुटुंब-उत्पन्न पाहणी फेब्रुवारी २०२६ पासून घेण्याचं सांख्यिकी मंत्रालयाने जाहीर केलंय. तिचे आकडे येतील तेव्हा पद्धत तयार असावी.

१८ सप्टेंबर: फाईल उतरवताना

स्रोत: करंट पॉप्युलेशन सर्व्हे या ब्युरोच्या मासिक पाहणीची वार्षिक पुरवणी. ही फेब्रुवारी ते एप्रिल, मुख्यतः मार्चमध्ये घेतात आणि उत्पन्न विचारतात आदल्या कॅलेंडर वर्षाचं. मार्च २०२५ ची फाईल म्हणजे २०२४ चं उत्पन्न. फाईलवरच्या वर्षातून एक वजा केल्याशिवाय किंमत निर्देशांक जोडू नये. ही चूक आलेखात दिसत नाही. मालिका गुळगुळीतच राहते, फक्त एक वर्ष सरकते आणि २०२२ सारख्या महागाईच्या वर्षी वास्तव बदलाची दिशाच उलटू शकते.

फाईल वाचताना तपासायच्या गोष्टी:

– डेटा माणशी एक ओळ असा असतो आणि कुटुंबाचं उत्पन्न प्रत्येक सदस्यापुढे पुन्हा लिहिलेलं असतं. कुटुंबप्रमुखाची एकच ओळ ठेवा. सगळ्या ओळी ठेवल्या तर मोठ्या कुटुंबांचं वजन वाढतं, एकट्याने राहणाऱ्यांचं घटतं आणि मध्यक वर सरकतो.

– इथे कुटुंब म्हणजे एका घरात राहणारे सगळे, नातं असो वा नसो. एकटा राहणाराही त्यात येतो. नात्याने बांधलेल्यांची मालिका वेगळी आहे आणि तिचा मध्यक बराच वर असतो. दोन तक्ते शेजारी छापलेले असतात, तेव्हा शीर्षक वाचून घ्या.

– आयपम्सवरून (असा डेटा एकसारख्या रूपात देणारं संकेतस्थळ) घेतलेल्या फाईलीत ९९९९९९९९ म्हणजे 'लागू नाही'. ते उत्पन्न समजून क्रमवारीत गेलं तर गोंधळ होतो. शून्य आणि ऋण उत्पन्न मात्र खरं असतं. धंद्यातला तोटा ऋण येतो, तो काढू नका.

– ब्युरोच्या मूळ कुटुंब-फाईलीत वजनाच्या शेवटच्या दोन अंकांआधी दशांशचिन्ह गृहीत धरलेलं असतं, म्हणून १०० ने भागायचं. सगळ्या वजनांची बेरीज अलीकडच्या वर्षांत सुमारे १३ कोटी कुटुंबं यायला हवी. १,३०० कोटी आली तर भागाकार राहिलाय.

– रेप्लिकेट वजनांची फाईल वेगळी असते आणि ती माणशी असते. कुटुंबाच्या अंदाजासाठी कुटुंबप्रमुखाची वजनं घ्यायची. जोडल्यावर तिथलं शून्य क्रमांकाचं वजन मुख्य वजनाशी ओळीओळीने ताडून पाहावं. एक ओळ जरी सरकली तरी मध्यक बरोबर येतो, स्टँडर्ड एरर मात्र निरर्थक होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

फार मोठी उत्पन्नं गोपनीयतेसाठी झाकलेली असतात. सरासरी काढणाऱ्याला त्याचा त्रास होतो, मध्यकाला नाही. म्हणूनच सार्वजनिक फाईलीतूनही जाहीर आकड्याच्या अगदी जवळ पोचता येतं. अलीकडचे जाहीर मध्यक दहाच्या पटीत पूर्ण केलेले आहेत, जुने (२०१८ चा ६३,१७९) नाहीत. तेवढा फरक सोडून द्यावा.

२२ सप्टेंबर: मध्यक, कप्पे आणि गोल आकडे

क्रमवारी लावा, वजनं बेरजेत घेत जा, निम्म्यावर थांबा. व्याख्या एवढीच. पण लोक उत्पन्न सांगताना गोल आकडे सांगतात: साठ हजार, ऐंशी हजार, एक लाख. एकच कमावता असलेल्या घरात हा गोल आकडा जवळजवळ तसाच कुटुंबाच्या एकूण उत्पन्नात उतरतो. त्यामुळे वितरणात ठरावीक जागी ढीग जमतात. मध्यक अशा ढिगावर पडला तर नमुना थोडा इकडेतिकडे झाला तरी तो हलत नाही, आणि ढिगाच्या कडेला पडला तर एकदम उडी मारतो. रेप्लिकेट वजनांनी काढलेला स्टँडर्ड एरर मग कधी खोटा लहान, कधी खोटा मोठा येतो. हा दोष सॉफ्टवेअरचा नाही. उत्तरं देणाऱ्यांच्या सवयीतून तो येतो, आणि म्हणून कोणतंही पॅकेज वापरलं तरी राहतो.

उपाय जुनाच आहे: २,५०० डॉलरचे कप्पे करायचे आणि मध्यक ज्या कप्प्यात येतो त्यात सरळ रेषेने आतला बिंदू काढायचा. उदाहरणापुरतं समजा, ८०,००० च्या खाली ४९.४ टक्के कुटुंबं आहेत आणि ८०,००० ते ८२,४९९ या कप्प्यात १.५ टक्के. निम्म्यापर्यंत जायला ०.६ हवेत. ०.६ भागिले १.५ गुणिले २,५०० म्हणजे १,०००. मध्यक ८१,०००. रुंद कप्प्यांच्या जुन्या तक्त्यांसाठी ब्युरो सरळ रेषेऐवजी पॅरेटो वक्र वापरत असे. २,५०० च्या कप्प्यात सरळ रेषा पुरते.

यातली मेख अशी की ढीग बरोबर कप्प्याच्या खालच्या टोकाला बसतो, आणि सरळ रेषा मात्र कप्प्यात कुटुंबं सारखी पसरलीत असं मानते. अंदाज थोडा वर झुकतो. कप्पे अर्ध्याने सरकवून (७८,७५० ते ८१,२४९) ढीग मधोमध आणला की हा झुकाव कमी होतो. जाहीर आकडा जुळवायचा असेल तर कप्पे ब्युरोचेच ठेवा. स्वतःच्या विश्लेषणासाठी सरकवलेले वापरा आणि दोन्ही निकाल लिहून ठेवा. दोन्हींतला फरक स्टँडर्ड एररच्या तुलनेत मोठा निघाला तर त्या वर्षाच्या निष्कर्षावर फार भार टाकू नये. आणि काही झालं तरी एका मालिकेत मध्येच कप्पे बदलू नयेत.

२७ सप्टेंबर: १६० रेप्लिकेट वजनं

प्रत्येक रेप्लिकेटमध्ये नमुन्यातल्या काही कुटुंबांचं वजन १.७ पट, काहींचं ०.३ पट होतं आणि उरलेल्यांचं तसंच राहतं. मग लोकसंख्येच्या नियंत्रक आकड्यांशी जुळवणी पुन्हा होते. असे १६० संच. प्रत्येक संचाने मध्यक नव्याने काढायचा, त्याच कप्प्यांनी आणि त्याच सूत्राने. मग:

व्हेरियन्स = (४ ÷ १६०) × (प्रत्येक रेप्लिकेट मध्यक − मुख्य मध्यक) या फरकांच्या वर्गांची बेरीज.

स्टँडर्ड एरर हे त्याचं वर्गमूळ, आणि मार्जिन ऑफ एरर त्याच्या १.६४५ पट.

तो ४ कुठून आला? वजनांना दिलेला धक्का अर्ध्या ताकदीचा असतो, वर्ग केल्यावर तो पाव होतो, म्हणून चौपट करून भरपाई करायची. ४ विसरला तर स्टँडर्ड एरर निम्माच येतो आणि निम्मे बदल 'लक्षणीय' दिसायला लागतात. नेहमीच्या सर्व्हे-पॅकेजमध्ये पद्धतीचं नाव निवडता येत नसेल तर गुणक हाताने द्यावा: १६० संचांसाठी ०.०२५, आणि अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या ब्युरोच्या दुसऱ्या, मोठ्या पाहणीच्या ८० संचांसाठी ०.०५. एकेक निरीक्षण वगळणारी जॅकनाइफ पद्धत मध्यकासाठी वापरू नये. सरासरीला ती चालते, मध्यकाला नमुना कितीही मोठा केला तरी बरोबर उत्तर देत नाही.

२८ सप्टेंबर: कागदावरची पडताळणी

मध्यकाचा स्टँडर्ड एरर म्हणजे ढोबळमानाने 'निम्मा' या प्रमाणाचा स्टँडर्ड एरर भागिले मध्यकापाशी असलेली कुटुंबांची दाटी. समजा ६०,००० कुटुंबं आणि डिझाइन इफेक्ट (कुटुंबं सुटीसुटी न निवडल्याने व्हेरियन्स किती पट होतो तो आकडा) १.५. मग प्रमाणाचा स्टँडर्ड एरर: १.५ × ०.२५ ÷ ६०,००० चं वर्गमूळ, म्हणजे ०.००२५, पाव टक्का. ७५,००० ते ९९,९९९ या पट्ट्यात सुमारे १२ टक्के कुटुंबं येतात, म्हणजे एक टक्का साधारण २,१०० डॉलरवर पसरलेला. पाव टक्का म्हणजे सव्वापाचशे डॉलर. रेप्लिकेटचं उत्तर या घरात यायला हवं.

यावरून हेही दिसतं की दाटी जिथे विरळ तिथे अनिश्चितता जास्त. डॉलरमधला मध्यक वाढत जातो तसा तोच पाव टक्का जास्त डॉलरवर पसरतो. मार्जिन डॉलरमध्ये वाढलं म्हणजे पाहणी बिघडली असं समजू नये. टक्क्यांत पाहावं.

४ ऑक्टोबर: दोन वर्षांतला फरक

सर्वांत जास्त चुका इथे होतात. दोन वर्षांचे विश्वास-पट्टे एकमेकांवर चढतात म्हणून फरक लक्षणीय नाही, असं सर्रास लिहिलं जातं. हिशोब करून पाहू. दोन्ही वर्षांचा स्टँडर्ड एरर ५०० धरा. प्रत्येकाचा पट्टा ± ८२२. पट्टे सुटे व्हायला १,६४५ चा फरक लागतो. पण फरकाचा स्वतःचा स्टँडर्ड एरर ५०० × १.४१४ = ७०७, आणि लक्षणीय ठरायला १,१६३ पुरतात. मधल्या पट्टीतले सगळे बदल ही डोळ्याची परीक्षा गमावते.

शिवाय दोन वर्षांचे नमुने स्वतंत्र नाहीत. या पाहणीत एक पत्ता चार महिने असतो, आठ महिने बाहेर जातो, मग पुन्हा चार महिने येतो. त्यामुळे या मार्चमधले निम्मे पत्ते गेल्या मार्चमध्येही होते. त्याच घराचं उत्पन्न दोन वर्षांत बरंचसं सारखं असतं. दोन्ही वर्षांची चूक एकाच बाजूला झुकते आणि वजाबाकीत काही अंशी कटते.

सहसंबंध किती धरायचा? पद्धत अशी:

दोन्ही वर्षांत सापडलेली कुटुंबं जोडा. प्रत्येक वर्षासाठी 'मध्यकाखाली आहे की नाही' हा हो-नाही चल करा. दोन वर्षांतल्या या चलांचा सहसंबंध काढा आणि त्याला सामाईक नमुन्याच्या हिश्शाने गुणा. सहसंबंध ०.६ आणि हिस्सा निम्मा असेल तर उत्तर ०.३. पत्ता तोच पण माणसं बदलली, किंवा एका वर्षी उत्तरच मिळालं नाही, अशी घरं वगळली की प्रत्यक्ष हिस्सा निम्म्याहून कमी होतो. तो मोजूनच घ्यावा. पुरवणीत जादा घातलेली कुटुंबं या जोडणीत सहसा सापडत नाहीत, तेही हिस्सा मोजताना ध्यानात ठेवावं.

०.३ धरला तर वरच्या उदाहरणातला फरकाचा स्टँडर्ड एरर ५९२ होतो आणि उंबरठा ९७३ वर येतो. पट्ट्यांच्या परीक्षेत १,६४५, इथे ९७३. एवढी तफावत केवळ पद्धतीमुळे. एका वर्षाहून जास्त अंतर असेल तर सामाईक पत्ते उरत नाहीत, सहसंबंध शून्य धरा.

एक बारीक गोष्ट: आधीच्या वर्षाचा मध्यक नव्या किमतींत आणताना त्याचा स्टँडर्ड एररही त्याच गुणकाने गुणावा.

५ ऑक्टोबर

९० टक्के पातळीवर दर दहा तुलनांत एक खोटा इशारा येणारच. १९६७ पासून शेजारशेजारच्या वर्षांच्या पन्नासहून अधिक तुलना होतात. काहीही बदललं नसतं तरी पाच-सहा 'लक्षणीय' निघाले असते. संपूर्ण मालिका एकत्र वाचताना एकेकट्या वर्षाच्या शेऱ्यावर थांबू नये.

११ ऑक्टोबर: मालिकेतले सांधे

२०१४ च्या पुरवणीत उत्पन्नाचे प्रश्न बदलले. निवृत्तिवेतन आणि मालमत्तेवरचं उत्पन्न जास्त नीट पकडावं हा हेतू होता. सुदैवाने नमुना यादृच्छिक पद्धतीने दोन भागांत वाटला होता: सुमारे ६८,००० पत्त्यांना जुने प्रश्न, ३०,००० ना नवे. म्हणून २०१३ चे दोन मध्यक आहेत: जुन्या प्रश्नांनी ५१,९३९ आणि नव्यांनी ५३,५८५. त्याच वर्षाच्या, त्याच देशाच्या दोन आकड्यांत १,६४६ डॉलर, म्हणजे ३.२ टक्के फरक. टक्क्यांत पाहिलं तर २०२३ ते २०२४ च्या सगळ्या वाढीच्या जवळजवळ अडीचपट.

दुसरा सांधा २०१७ चा, संगणकीय प्रक्रिया बदलल्याचा: ६१,३७२ चे ६१,१३६ झाले. हा ०.४ टक्क्याचा, छोटा पण खालच्या दिशेने.

सांधा बुजवायचा मोह होतो: जुनी सगळी वर्षं १.०३१७ ने गुणली की रेघ सलग दिसते. करायचंच असेल तर दोन गोष्टी लिहूनच करा. पहिली, हे गुणोत्तरही नमुन्यातूनच आलेलं आहे आणि त्याचा नवा भाग अवघ्या ३०,००० पत्त्यांचा आहे. त्याचा स्टँडर्ड एरर काढताना दोन्ही भाग स्वतंत्र मानता येतात. दुसरी, ही अनिश्चितता सगळ्या जुन्या वर्षांना एकत्र वरखाली हलवते. १९९९ आणि २००७ ची आपसातली तुलना तिच्यामुळे बिघडत नाही. २००७ आणि २०१९ ची बिघडते. म्हणून प्रत्येक वर्षाच्या पट्ट्यात ती सारखी मिसळून टाकणं चूक आहे. सांधा ओलांडणाऱ्या तुलनेतच ती मिळवावी. शिवाय नव्या प्रश्नांनी १९९९ सालीही नेमका ३.२ टक्केच फरक दाखवला असता, याला पुरावा नाही. माझं मत: आलेखात रेघ तोडावी, २०१३ ला दोन्ही ठिपके दाखवावेत आणि वाचणाऱ्यावर विश्वास ठेवावा.

२०१४ ची फाईल वापरताना कोणता भाग घेतला ते दाखवणारा चल आयपम्समध्ये आहे. तो न पाहता दोन्ही भाग मिसळले तर एक तिसराच आकडा येतो. तो कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही.

१६ ऑक्टोबर: किमतींचा निर्देशांक

२०२२ च्या उत्पन्नाच्या अहवालापासून ब्युरोने २००० नंतरच्या वर्षांसाठी साखळी-निर्देशांक वापरायला घेतला. लोक महाग वस्तू सोडून स्वस्ताकडे वळतात हे तो हिशोबात धरतो, म्हणून महागाई किंचित कमी दाखवतो आणि दीर्घकाळाची वास्तव वाढ थोडी जास्त. जुन्या अहवालातला 'वास्तव' आकडा नव्या अहवालातल्याशेजारी ठेवू नये. नेहमी त्या-त्या वर्षाचा चालू किमतींतला मध्यक घ्यावा आणि एकाच निर्देशांकाने सगळी मालिका नव्याने काढावी. २०२१ चे ७०,७८४ हे २०२२ च्या डॉलरमध्ये ७६,३३० होतात, म्हणजे ७.८ टक्के महागाई. चालू डॉलरमध्ये वाढलेला आकडा वास्तवात २.३ टक्के घसरला, तो या एका गुणकामुळे.

निर्देशांकही नमुन्यावरच आधारलेला असतो. मार्जिन काढताना मात्र तो अचूक धरला जातो.

२५ ऑक्टोबर: मार्जिनमध्ये न दिसणारं २०१९

मार्च २०२० मध्ये घरोघर भेटी थांबल्या. मूळ पाहणीचा प्रतिसाद आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे दहा टक्केबिंदूंनी घसरून ७३ टक्क्यांवर आला. ज्यांनी फोनवर उत्तरं दिली ती कुटुंबं सरासरीने जास्त सुस्थितीतली होती. त्यामुळे २०१९ चा जाहीर मध्यक ६८,७०३, म्हणजे ६.८ टक्क्यांची वाढ. ब्युरोच्याच संशोधकांनी पत्त्यांशी प्रशासकीय नोंदी जोडून वजनं नव्याने काढली तेव्हा मध्यक ६६,७९० आला. आदल्या वर्षाच्या ६४,३२४ शी (२०१९ च्या डॉलरमध्ये) ताडला तर वाढ ३.८ टक्के. दोन आकड्यांत १,९१३ डॉलर.

रेप्लिकेट वजनांना यातलं काहीच दिसत नाही. १६० ही संचांत तीच सुस्थितीतली कुटुंबं जास्त आहेत, सगळे मध्यक एकत्र वर सरकलेत, आणि त्यांच्या आपसातल्या फरकातून पक्षपात कळणार कसा? न दिलेली उत्तरं मिळत्याजुळत्या कुटुंबाकडून उसनी घेऊन भरतात, त्याचंही तेच. भरलेली उत्तरं खरी समजूनच स्टँडर्ड एरर निघतो, म्हणून तो थोडा कमीच असतो.

६६,७९० ला २०२० च्या डॉलरमध्ये आणून २०२० च्या ६७,५२१ शी ताडलं की जाहीर झालेली २.९ टक्के घट जवळजवळ नाहीशी होते. ही वजाबाकी निष्कर्ष म्हणून वापरू नये. मार्च २०२१ मध्येही प्रतिसाद पूर्ववत नव्हता, आणि एक बाजू दुरुस्त करून दुसरी तशीच ठेवणं बरोबर नाही. मालिकेच्या तक्त्यात दोन रकाने ठेवा: एकात नमुन्याचा स्टँडर्ड एरर, दुसऱ्यात त्या वर्षीचे प्रश्न, प्रक्रिया, प्रतिसाद, निर्देशांक यांतले बदल शब्दांत. दुसऱ्याला संख्येत कोंबून पहिल्यात मिळवू नका.

२ नोव्हेंबर: बाजूची साक्ष

अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे वर्षाला सुमारे ३५ लाख पत्त्यांकडे जातो, मार्जिन फारच लहान. २०२२ मध्ये त्याचा मध्यक ७४,७५५, पुरवणीचा ७४,५८०. २०२३ मध्ये ७७,७१९ आणि ८०,६१०. वर्षभर दर महिन्याला 'गेल्या बारा महिन्यांचं' उत्पन्न विचारल्यामुळे २०२३ च्या आकड्यात २०२२ चे महिनेही मिसळलेले असतात. वेगाने वाढणाऱ्या काळात तो मागे राहतो. पातळी ताडायला नको, दिशा ताडायला घ्यावा. राज्यवार काम असेल तर हाच वापरावा. २०२० चे त्याचे एका वर्षाचे अंदाज केवळ प्रायोगिक म्हणून आले, ती जागा रिकामी ठेवावी. काही रेप्लिकेट वजनं शून्य किंवा ऋणही असतात. ती काढून टाकू नयेत.

९ नोव्हेंबर: भारतीय फाईलींसाठी रेप्लिकेट तयार करणं

इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हेच्या दुसऱ्या फेरीत (२०११-१२) ४२,१५२ कुटुंबांचं उत्पन्न आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या उपभोग फेऱ्यांत खर्च आहे, उत्पन्न नाही. पण नमुन्याची रचना सरावाला पुरते: स्तर, उपस्तर, पहिल्या टप्प्याचे गट (गाव किंवा शहरी ब्लॉक) आणि गुणक (म्हणजे कुटुंबांची वजनं). इथे तयार रेप्लिकेट वजनं नाहीत, ती आपणच करायची.

प्रत्येक स्तरात 'न' इतके गट असतील तर त्यातून (न − १) गट परत ठेवत-ठेवत उचला. एखादा गट जितक्या वेळा निघाला तितक्याने, आणि वर न ÷ (न − १) ने, त्यातल्या सगळ्या कुटुंबांची वजनं गुणा. दोनच गट असतील तर एक निघतो, त्याचं वजन दुप्पट, दुसऱ्याचं शून्य. असे किमान ५०० संच. व्हेरियन्स म्हणजे संचांच्या मध्यकांच्या वर्ग-फरकांची साधी सरासरी. इथे ४ चा गुणक लावायचा नाही. कुटुंबं सुटी उचलू नका. एका गावातली कुटुंबं एकाच पावसावर जगतात, त्यांना स्वतंत्र मानलं की स्टँडर्ड एरर निम्म्यावरही येऊ शकतो. शेतीतल्या तोट्याने ऋण उत्पन्नं बरीच येतात. मध्यकाला फक्त क्रम लागतो, म्हणून ती तशीच राहू द्यावीत. लॉग घ्यायचा प्रयत्न करू नये.

महाराष्ट्रात अर्थ व सांख्यिकी संचालनालय राष्ट्रीय फेऱ्यांसोबत राज्य नमुनाही गोळा करतं. दोन्ही नमुने एकत्र केले तर जिल्हावार अंदाज थोडे घट्ट होतात, पण गुणक तसेच जोडले तर लोकसंख्या दुप्पट होते. प्रत्येक नमुन्याला त्यातल्या गटांच्या संख्येच्या प्रमाणात हिस्सा द्यावा, आणि त्याआधी दोन्ही नमुन्यांचे मध्यक वेगवेगळे काढून फरक तपासावा. तो फरकाच्या स्टँडर्ड एररच्या दुपटीहून जास्त असेल तर एकत्र करणं थांबवून आधी क्षेत्रकामातला फरक शोधावा.

एकच गट उरलेले स्तर शेजारच्या स्तरात मिळवावे लागतात. कोणता कशात मिळवायचा याची यादी मध्यक काढण्याआधी ठरवून गोठवावी.